सोलरचं गरम पाणी यायला अर्धी बादली वाया जाते?

गच्चीवर सोलर, पण खालच्या मजल्यावर नळ सोडला की आधी गारच पाणी येतं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. २० मीटरची लाइन म्हणजे ५ लिटर थेट मोरीत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या लातूरला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

इमारतीला रिटर्न लाइन (पाइपात गार झालेलं पाणी टाकीत परत नेणारा पाइप) आणि ते फिरवणारा पंप असेल तर एवढं करा:

१. पंपाला टायमर लावा. सकाळी साडेपाच ते नऊ पुरे. रात्रभर पंप फिरला तर टाकीच गार होते, आणि मग सगळे सोलरला नावं ठेवतात.

२. रिटर्न पाइपावर, पंपाजवळ, थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा स्विच) घट्ट बांधा. पंप ४० अंशांना बंद, ३५ ला चालू.

३. गरम आणि रिटर्न, दोन्ही लाइनींना रबरी इन्सुलेशन, वरून फॉइल. उघडं रबर आपल्या उन्हात तडकतं.

एवढं करूनही पाणी कोमटच? बहुतेक वेळा रिटर्नवरचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) अडकलेला असतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार झडपेखाली बसतो, ती पुरती मिटत नाही आणि टाकीच्या तळाचं गार पाणी उलट्या वाटेने नळाला येतं. खात्री करायला पंप बंद करून रिटर्नचा व्हॉल्व्ह बंद करा, गरम नळ सोडा. पाणी आता कडक आलं तर दोष तिथेच. झडप काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, ब्रशने घासा.

पंप मात्र गरम पाण्यासाठीचाच घ्या. साध्या पंपाचं सील टिकत नाही.