कोलोन कॅथेड्रलमधली रंगांची खिडकी: घड्याळाचे बारा नकोत

जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन कॅथेड्रलमध्ये बहुतेकजण सकाळी जातात आणि जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची २००७ची खिडकी फिकी पाहून परततात. ती दक्षिणेकडच्या भिंतीत आहे, ७२ रंगांचे ११,२६३ काचेचे चौकोन. ऊन समोरून आलं, तरच ती पेटते.

१. ऊन असलेला दिवस निवडा.
२. उन्हाळी वेळ सुरू असेल (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर) तर साधारण दीड वाजता, एरवी साडेबाराला तिथे असा. कोलोन जर्मनीच्या पश्चिम टोकाला असल्याने तिथे सूर्य घड्याळापेक्षा उशिरा माथ्यावर येतो.
३. आधी खिडकीकडे नको, दगडी खांबांकडे आणि फरशीकडे बघा. रंग तिथे सांडलेले असतात! मला खिडकीपेक्षा तेच जास्त आवडलं.
४. बॅगा शेजारच्याच रेल्वे स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून या. मोठं सामान आत नेऊ देत नाहीत.

मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या (लिफ्ट नाही) त्यानंतर चढा, म्हणजे ऊन हुकणार नाही.

मात्र प्रार्थना चालू असताना पर्यटकांना फिरता येत नाही. त्या दिवशीच्या वेळा आधी बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच.