वाण लुटायचं, पण संशोधनासाठी

मोठी बहीण २०१६ साली गेली. माझी गाठ २०१९ला सापडली. त्यानंतर दर संक्रांतीला पंचवटीतल्या घरी हळदीकुंकू करते आणि त्यातून स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवते. तुम्हालाही करायचं असेल, तर आधी माझा घोळ ऐका.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी माझ्याच मोबाईलवर पैसे पाठवले. ११,४०० रुपये, आणि त्याच खात्यात दूधवाला, भिशी, सगळं. शिवाय पावती आली ती एकट्या माझ्या नावाची! आता मी पैशाला हात लावत नाही. परळच्या टाटा मेमोरियलचं देणगीचं अधिकृत पान उघडून देते, जिचं तिनं भरावं. देणगी संशोधनासाठी आहे हे त्यांना लेखी कळवायचं. देणगीवर आयकरात मिळणाऱ्या ८०जीच्या सवलतीसाठी पॅन लागतो, २,००० रुपयांवरची रोकड चालत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सवलत मिळतच नाही. हे आधीच सांगा, नंतर रुसवेफुगवे नकोत.

वाणाचे प्लास्टिकचे डबे बंद. तिळगूळ, ओटीत बोरं नि हरभऱ्याचे घाटे. डब्यांचे वाचलेले पैसे पहिल्यांदा मीच सगळ्यांसमोर भरते. विधवांनाही बोलावते. एकदोघींनी नाकं मुरडली, मुरडू देत.

खरी अडचण पुढंच. ‘कुठल्या पेशंटला देणार?’ हा प्रश्न हमखास येतो. संशोधन म्हटलं की समोर चेहरा नसतो ना. मग मी दाढ काढताना देतात त्या भुलीच्या औषधाचं सांगते. टाटाच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती टोचून पाहिलं, सुमारे १,६०० बायकांच्या अभ्यासात. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांतल्या ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांतल्या ८६.४. औषध अगदी स्वस्त. पण ते उपयोगी पडतं हे कळायला वर्षानुवर्षं नोंदी ठेवाव्या लागतात, पैसा तिथं लागतो. एवढं सांगितलं की पर्सची चेन उघडते.

आणि ‘तो आजार’, ‘छातीचं दुखणं’ म्हणू नका. ‘स्तनाचा कॅन्सर’ म्हणा. मलाच दोन वर्षं जमलं नव्हतं.

पाहुण्या गेल्या की लगेच झाडलोट काढू नका. कोणीतरी मागं रेंगाळतं. गेल्या वर्षी शेजारच्या काकू कप विसळता विसळता हळूच म्हणाल्या, ‘माझी दुखत नाही गं, मग चालेल ना?’ सुरुवातीला गाठ बहुतेकदा दुखतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली आणि दोघी तपासायला गेलो.