चेस्टनट: बुरशी थांबली, सालही सुटतं

इटलीतल्या तोरिनोत ऑक्टोबर लागला की मंडईत चेस्टनटचे, म्हणजे भाजून खायच्या तपकिरी सालीच्या बियांचे, ढीग दिसतात. आमच्याकडचे मात्र भाजायच्या आधीच खुळखुळायचे, नाहीतर बुरशी धरायचे.

हा जिन्नस बदामाच्या जातीचा नव्हे. ताज्या चेस्टनटमध्ये साधारण निम्मं पाणी, तेल नावालाच. आठळीचा भाऊबंदच म्हणा. उघड्यावर वाळतो, बंद प्लॅस्टिकमध्ये घामेजतो.

म्हणून आता घेतानाच एकेक दाबून बघते. हाताला जड हवा, साल तुकतुकीत, दाबलं तर आत जायला नको. बारीक गोल भोक दिसलं की बाजूला, ते अळीनं बाहेर पडताना पाडलेलं असतं. (विक्रेता तोंड वाकडं करतो, करू दे.) घरी पाण्यात टाकून तरंगणारे काढते, बुडालेले फडक्यावर नीट कोरडे करून कागदी पिशवीत, फ्रीजमध्ये. पिशवी दमट लागली की बदलायची.

भाजताना फुगीर बाजूला आडवी चीर हवीच, नाहीतर ओव्हनमध्ये फटाका. 200 अंशांवर 20-25 मिनिटं, मग टॉवेलात गुंडाळून गरम असतानाच सोलायचे. गार झाल्यावर आतलं पातळ साल सुटता सुटत नाही. फ्रीजमध्ये काही दिवस राहिलेले जास्त गोड लागतात, कारण आतल्या स्टार्चची थोडी साखर होते.