वाळवंटातली थंडी आणि गाडीतली झोप

निवृत्तीनंतर दोघंच कॅम्पर व्हॅन घेऊन सोलापूरहून डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरकडे मुक्कामाला निघणार असाल, तर तिथल्या दुपारच्या उन्हावर जाऊ नका. कोरडी वाळू सूर्य मावळताच झपाट्याने गार होते, रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आपली सोलापुरी चादर सुती. तिच्यावर जाड रजई हवीच. पण ऊब यावी म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक करतानाही दोन्हीकडच्या खिडक्या उघडा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या, गॅस कमी लागतो, भांडी घासायचं पाणीही वाचतं. आणि गाडी टणक जमिनीवरच उभी करा.