जुन्या माझदा एमएक्स-५चे इंजिन तापत असेल तर दोष कसा शोधावा

तापमानाचा काटा वर चढू लागला की बहुतेक गाडीमालक आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलतात, मग रेडिएटर, मग वॉटर पंप. खर्च वाढत जातो आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. १९८९ साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५मध्ये, म्हणजे अमेरिकेत ‘मिआटा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन आसनी गाडीत, हा प्रकार विशेष पाहायला मिळतो. म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी काटा नेमका केव्हा चढतो, याची नोंद ठेवावी.

रस्त्यावर असताना काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा सर्वांत वेगात ठेवावा. त्यामुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर निघते. काटा तरीही लाल खुणेकडे सरकत राहिला, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बंद यंत्रणेतील दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते वाफेसह अंगावर उसळते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

इंजिन थंड झाल्यावर सर्वप्रथम कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहावी, आणि ती जादा कूलंटच्या बाजूच्या टाकीत न पाहता झाकण काढून थेट रेडिएटरमध्ये पाहावी. पातळी कमी असेल तर गळती शोधणे हेच पहिले काम. या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची असते. काळा रंग जाऊन ती तपकिरी-हिरवट दिसू लागली, तर प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे असे समजावे आणि फुटण्याची वाट न पाहता रेडिएटर बदलावा. होजचे (रबरी नळ्यांचे) जोड, हीटरचे पाइप आणि पंपाखालचे ओघळही तपासावेत. कूलंट फार कमी झाले तर हेडच्या मागच्या बाजूचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो, त्यामुळे अचानक उतरलेला काटा पाहून निर्धास्त होऊ नये.

पातळी ठीक असूनही गाडी सिग्नलला किंवा कोंडीत तापत असेल आणि वेगात गेल्यावर निवत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. बॉनेटखालच्या डायग्नोसिस पेटीत टीएफए आणि जीएनडी अशी नावे असलेली दोन टोके असतात. इग्निशन चालू ठेवून ती तारेने जोडली की मुख्य पंखा फिरायला हवा. फिरला, तर मोटर आणि रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) शाबूत आहेत आणि दोष तापमान-स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असण्याची शक्यता अधिक. फिरला नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने पाहावे.

गाडी महामार्गावर तापत असेल तर पंख्याचा संबंध जवळपास नसतो. तिथे प्रश्न हवेचा किंवा कूलंटच्या प्रवाहाचा असतो. नाकाखालचे प्लॅस्टिकचे पत्रे जागेवर आहेत का, हे वाकून पाहावे. दुरुस्तीच्या वेळी काढलेला हा भाग अनेकदा परत बसवलाच जात नाही. मात्र तो नसला की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता त्याला वळसा घालून खालून निघून जाते. केवळ या कारणाने तापणाऱ्या गाडीला महागडा रेडिएटर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. त्यानंतर रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने पृष्ठभाग तपासावा. मध्येच गार पट्टे आढळले, तर तिथल्या नळ्या आतून चोंदल्या आहेत.

थर्मोस्टॅटचा संशय असल्यास तो काढून पाण्याच्या भांड्यात तापवावा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडतो का, ते पाहावे. वॉटर पंप बदलायचा तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) काढावाच लागतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते.

नवे कूलंट भरताना ते ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे, गाडीचे नाक उंच करावे, हीटर गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे. वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी. जुने कूलंट गोडसर आणि विषारी असल्याने ते कुत्र्यामांजरांच्या वाटेत सांडू देऊ नये.

एवढे करूनही बुडबुडे थांबत नसतील, कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचे इंजिन यांमधला जोड घट्ट ठेवणारी पट्टी) गेल्याची शक्यता आहे. रेडिएटरच्या तोंडावर धरायच्या चाचणी-नळीतील निळे द्रव्य पिवळे झाले, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे हे नक्की होते. अशी गाडी चालवत न नेता टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.