ईआरपी रखडतंय? नवी एसएसडी घेण्याआधी या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी. ईआरपीचा, म्हणजे बिलिंग-स्टोअर-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर तपासायला बाहेरचा माणूस बोलवायचा तो त्याच दिवशी, कारण कुणाचं काम अडत नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही गुरुवारी जाऊन मोजमाप करायचो. आकडे झकास यायचे. शुक्रवारी साडेदहाला स्टोअरमधून फोन ठरलेला: "साहेब, चलन निघत नाहीये." हिंजवडीची कोंडी रात्री दोनला जाऊन मोजण्यातला हा प्रकार होता.

सरासरीवर विसंबणं

व्हीएमवेअर एका खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) अनेक व्हर्च्युअल मशिन्स चालवतं. त्याच्या व्हीसेंटर या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधला ताजा आलेख दर २० सेकंदांचा असतो, पण तो साधारण तासभरच टिकतो. मग दिवसाचे आकडे ५ मिनिटांच्या, आठवड्याचे ३० मिनिटांच्या आणि महिन्याचे २ तासांच्या सरासरीत विरघळतात. दीड मिनिट अडकलेलं बिलिंग त्यात दिसणार कुठून? एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे ईआरपीमागचा डेटाबेस, फाइलनिहाय वाचन-लेखनाचे जे आकडे देतो, ती तर सर्व्हिस सुरू झाल्यापासूनची बेरीज असते. रात्रीचा बॅकअप आणि रिकामे गुरुवार त्यातच आले. तक्रारीच्या वेळी पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंद घ्या आणि वजाबाकी करा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मजला चुकणं

डिस्क, होस्ट आणि त्यावरचं मशिन हे वेगवेगळे मजले. दुखणं एकावर आणि इलाज दुसऱ्यावर, ही चूक सगळ्यांत महाग पडते. चाकणच्या एका कारखान्यात जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायच्या ११ तारखेच्या तोंडावर रिपोर्ट निघेनात. ईआरपीवाले म्हणाले स्टोरेज, स्टोरेजवाले म्हणाले क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी). विंडोजच्या आत डिस्कची लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद दिसत होती, म्हणून मालकांनी एसएसडीचा नवा संच घेतला. फरक शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

होस्टवर ईएसएक्सटॉप हे मोजमापाचं साधन उघडलं तेव्हा चित्र वेगळंच निघालं. त्यात डीएव्हीजी म्हणजे प्रत्यक्ष स्टोरेजने घेतलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे होस्टच्या आत रांगेत गेलेला वेळ आणि जीएव्हीजी ही दोन्हींची बेरीज. डीएव्हीजी सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर स्टोरेजवाल्याला खुशाल फोन लावा. केएव्हीजी जवळजवळ शून्य हवा. २ च्या वर गेला की रांग होस्टवर लागली आहे. इथे दोन्ही मिळून २ मिलिसेकंद! मग आतले ४० आले कुठून?

आदल्याच महिन्यात कुणीतरी 'स्लो आहे' म्हणून त्या मशिनचे व्हर्च्युअल सीपीयू (त्याच्या वाट्याचे प्रोसेसर) ४ वरून १६ केले होते. होस्टवर कोअर होते २० आणि शेजारी इतर मशिन्स होतीच. डिस्कचं उत्तर वेळेत यायचं, पण ते घ्यायला मशिनला सीपीयूवर जागाच मिळायची नाही. विंडोजला हे कळत नाही. ते सगळा वेळ डिस्कच्या नावावर लिहितं. सीपीयू रेडी, म्हणजे मशिन सीपीयूची वाट बघत थांबलं तो वेळ, हा आकडा म्हणूनच आधी बघावा. २० सेकंदांच्या आलेखात एका व्हर्च्युअल सीपीयूमागे २,००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के. माझ्या मते ५ टक्क्यांनाच कान टवकारावेत. पूर्ण मशिनचा आकडा पाहत असाल तर सीपीयूंच्या संख्येने भागायला विसरू नका. आम्ही १६ चे ६ केले आणि रिपोर्ट निघाले. एसएसडी परत कोण घेणार?

होस्ट निवांत, रेडी कमी आणि तरी आत रांग दिसत असेल, तर मशिन आणि त्याच्या डिस्क यांना जोडणारा व्हर्च्युअल कंट्रोलर पाहा. त्याचे दोन प्रकार नेहमी भेटतात: एलएसआय लॉजिक एसएएसवर एका डिस्कमागे रांगेची मर्यादा ३२ असते, पीव्हीस्कझीवर मुळातच ६४. डेटा, लॉग आणि टेम्पडीबी (एसक्यूएलची तात्पुरत्या कामाची जागा) तीन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि कंट्रोलरही वेगळे द्या. एका मशिनला असे चार देता येतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळा संसार एकाच सी ड्राइव्हवर मांडलेला असतो.

स्नॅपशॉट विसरणं

अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे मशिनची त्या क्षणाची राखून ठेवलेली स्थिती, दिवाळीपासून तसाच. व्हीएमवेअर स्वतः सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तो बॅकअप नाही. काढतानाही डिस्कवर ताण येतो, तेव्हा त्यासाठी गुरुवार उत्तम.

लेखनाचा हिशेब न करणं

आठ फिरत्या डिस्क, प्रत्येकी सुमारे १५० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाची कामं) धरले तर १,२०० झाले. पण रेड (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) ५ वर एका छोट्या लेखनामागे चार कामं होतात, म्हणजे निव्वळ लेखन ३०० वर येतं. रेड १० वर ६००. डिस्क कंट्रोलरचा राइट-बॅक कॅश (लेखन आधी आपल्या मेमरीत घेऊन मग डिस्कवर उतरवणारा) ही तूट झाकतो, फक्त त्याची बॅटरी जिवंत हवी. ती मेली की बहुतेक कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर, म्हणजे थेट डिस्कवर लिहिण्यावर, जातात. जुन्या कंट्रोलरांची बॅटरी तर दर तीनेक महिन्यांनी स्वतःची चाचणी घेते आणि तेवढा वेळ हेच घडतं. 'कधीतरीच स्लो होतं, दोन तासांनी आपोआप सुरळीत' अशी तक्रार आली की मी आधी कंट्रोलरचा लॉग मागतो. राइटलॉगचे वेट (एसक्यूएलने लॉग लिहून व्हायची बघितलेली वाट) त्याच तासात वाढलेले दिसले, तर क्वेरीला हात लावत नाही. बॅटरीची ऑर्डर देतो.