शस्त्रप्रदर्शन मांडण्याआधी

एका दिवसाचं शिवकालीन शस्त्रांचं प्रदर्शन असलं तरी तयारी महिनाभर आधी सुरू करा, आणि तीही कागदपत्रांपासून. तलवारी, खंजीर, भाले, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. म्हणून पोलीस ठाण्याकडून लेखी परवानगी घ्या. अर्जात शस्त्रांची संख्या, मालकांची नावं, वाहतुकीचा मार्ग आणि तारीख असू द्या. सणावाराला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा हे पत्र गाडीत शस्त्रांसोबतच हवं. गेंड्याच्या कातड्याची ढाल, काळविटाच्या शिंगांचा माडू (वार अडवायचं आणि भोसकायचं शस्त्र) आणि हस्तिदंती मूठ यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागतो. मालकाकडे मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर ती वस्तू खुशाल यादीतून वगळा.

शस्त्र ताब्यात घेताना मुठीला सुती दोऱ्याने क्रमांक बांधा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ढिले रिबिट आणि पात्यावरचे खाचे लिहून ठेवा. परत करताना वाद होतो तो याच खाचांवरून.

आता साफसफाई. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही प्रेमापोटी. लिंबू-राख, चिंच, पॉलिश पेपर यांतलं काहीही पात्याला लावू नका. जुन्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी दिसणारी जौहरची नक्षी असते, ती घासल्यावर दिसेनाशी होते. कोफ्तगिरीत तर सोन्याची तार लोखंडावरच्या बारीक ओरखड्यांत ठोकून बसवलेली असते, ब्रासो लावून चोळलं की सोनं फडक्यावर येतं. मऊ ब्रशने धूळ काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग यंत्राच्या पातळ खनिज तेलाचा हात फिरवा. खोबरेल किंवा तिळाचं तेल खवट होऊन चिकटतं आणि धूळ धरतं. काळपट, घट्ट बसलेला गंज राहू द्या. बोटाला भुकटी लागते तो नारिंगी गंज मात्र चालू आहे, त्याकडे लक्ष द्या. आणि मूठ कधीही पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका. बहुतेक तलवारींच्या पात्याची शेपटी, म्हणजे मागचा निमुळता भाग, मुठीत लाखेने बसवलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, उष्णतेने मऊ होते, मग पातं मुठीत खेळायला लागतं. हॅलोजनचे दिवे टाळून एलईडी लावायचे, तेही याचसाठी.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोज्यातून गुळगुळीत मूठ निसटते. तलवार म्यानातून काढताना म्यान मुठीत आवळू नका, पात्याच्या पाठीच्या बाजूने धरा. जुनं म्यान धारेच्या बाजूने उसवलेलं असतं आणि पातं तिथून थेट बोटांवर येतं. दांडपट्टा दोघांनी उचलावा, एकाने खोबळा (हात झाकणारी लोखंडी मूठ) आणि दुसऱ्याने पातं धरून. पातं लवचीक असल्यामुळे नुसत्या खोबळ्याला धरून उचललं की ते हेलकावतं, आणि सगळा ताण खोबळ्याजवळच्या रिबिटांवर येतो.

मांडणी करताना ते शस्त्र हातात कसं बसायचं, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. कट्यार टोक खाली करून टांगली की दागिना वाटते. ती आडवी ठेवा, टोक समोर. मग आडव्या मुठीवर आवळलेली मूठ आणि सरळ भोसकणारा हात दिसतो, आणि टोकाशी पातं जाड का, तेही उमगतं: साखळीच्या चिलखताच्या कड्या फोडायला. वाघनखं उलटी, कड्या वर करून ठेवा, म्हणजे नख्या तळहातात कशा लपत ते समजेल. तलवारीची मूठ आखूड दिसते म्हणून लोक ‘तेव्हाचे हात लहान होते का’ असं विचारतात. मुठीची वाटी मनगटाला टेकून हात आवळून धरते, त्यामुळे वार ओढून कापण्याचा होतो, हे पाटीवर लिहा. दांडपट्ट्यात मनगट अडकलेलं असतं, म्हणून फेक खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून येते. शेजारी सरळ पात्याची फिरंग ठेवा, म्हणजे युरोपी धाटणीच्या पात्याची तलवार. फरक पाटीशिवाय दिसतो.

‘शिवकालीन’ हा शब्द पुरावा असेल तरच पाटीवर लिहा. वाघनखांच्या पाटीवर प्रतापगडची 10 नोव्हेंबर 1659 ची भेट सांगायची असेल तर ‘प्रतिकृती’ हा शब्द तितक्याच मोठ्या अक्षरात हवा.

खंडेनवमीला प्रदर्शन असेल तर हळदकुंकू आणि फुलं पात्यावर न वाहता समोर तबकात वाहा. ओल्या कुंकवाखाली रातोरात गंज धरतो. टेबलापासून 3 फुटांवर दोरी, प्रत्येक टेबलाशी एक माणूस. हातात द्यायचं असेल तर बोथट प्रतिकृतीच द्या.

संध्याकाळी क्रमांक जुळवा, प्रत्येक पातं पुसून तेलाचा हात द्या, ब्लीच न केलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिक नको, म्यानातही नको, कारण चामडं आणि मखमल ओल धरून ठेवतात. आठ दिवसांनी पुन्हा उघडून बघा: उघड्या हाताने कोणी पात्याला स्पर्श केला असेल, तर त्याच्या बोटांचे ठसे तोवर गंजाच्या रंगात उमटलेले असतील.